नैसर्गिक रंगांच्या विणकरांकडे पहिल्यांदा जाताना

निळीच्या भांड्यातून सुताची लड बाहेर आली तेव्हा ती निळी नव्हतीच. पिवळसर हिरवी होती, नुकत्या फुटलेल्या पानासारखी. रंगारी ताईंनी ती पिळली, दोनदा झटकली आणि दोन्ही हातांत ताणून हवेत धरली. कडेचे धागे आधी निळे झाले, मग निळाई आत सरकत गेली, आणि मिनिटाभरात हातात अख्खी निळी लड होती.

हे बघायला मला तिसरी खेप लागली. पहिल्या दोन्ही वेळा मी माग बघितला, फोटो काढले, एक-दोन कापडं घेतली आणि परतले. माग चालतो त्या खोलीत रंग होत नाही आणि विणणारा व रंगवणारा बऱ्याचदा वेगवेगळे असतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमची पहिली खेप अशी अर्धवट जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: कापडाला हात लावण्याआधी रंगाचं भांडं बघा.

१. चार प्रश्न वेगवेगळे ठेवा

‘हातमागाचं आहे’ म्हटलं की आपण मनातल्या मनात बाकी सगळं गृहीत धरतो. प्रत्यक्षात प्रश्न चार आहेत:

- तंतू कशाचा? कापूस, लोकर, रेशीम, ताग की मिश्र धागा?
- सूत कुठे कातलं? हातानं की गिरणीत?
- रंग कशाचा?
- विणलं कशावर?

चारांपैकी कुठल्याही एकाचं उत्तर ‘हातानं’ किंवा ‘नैसर्गिक’ असू शकतं आणि बाकी तिघांचं नसू शकतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचं हॅरिस ट्वीड घ्या. बेटावरच्या माणसानं ते आपल्या घरी, हातानंच विणलं पाहिजे असा १९९३ चा ब्रिटिश कायदा आहे. लोकर कातायची आणि रंगवायची तीही त्याच बेटांवर. पण तो रंग वनस्पतींचाच हवा असं मात्र कायदा म्हणत नाही. हातमागावर गिरणीचं सूत वापरणारे विणकर तर सगळीकडे आहेत, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. तुम्ही काय बघायला निघालात ते तुम्हाला स्पष्ट हवं, एवढंच.

२. ठिकाण निवडा

रंगावरून ठिकाण शोधा, कापडाच्या नावावरून नको. कारण रंगाची वनस्पती किंवा कीटक जिथे मिळतो, तिथेच त्याचे जाणकार टिकून राहिलेले असतात. ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्यात कोटपाडला मिरगान विणकर आली (बारतोंडी) या झाडाच्या मुळांच्या सालीतून लाल आणि तपकिरी छटा काढतात. त्या कापडाला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कच्छमध्ये भुजोडी आणि आसपासच्या गावांत वणकर समाजाचे माग आहेत, आणि त्याच भागात पावसाच्या पाण्यावर वाढणारा देशी ‘काला कापूस’ पुन्हा वापरात आला आहे. मेक्सिकोत वाहाका प्रांतात तेओतित्लान देल वाये या गावी झापोतेक विणकर निवडुंगावरच्या कीटकांपासून लाल रंग करतात. आपण ज्याला किरमिजी म्हणतो त्याच घराण्यातला हा रंग. ‘किरमिजी’ हा शब्दही मुळात अशाच एका रंग देणाऱ्या कीटकाच्या नावावरून आला. पेरूत कुस्कोजवळ चिंचेरोला कंबरेला बांधायचा माग बघायला मिळतो. जपानमध्ये तोकुशिमा हा निळीचा मुलूख.

या गावांतसुद्धा प्रत्येक घरी नैसर्गिक रंग होत असेल असं समजू नका. एकाच आळीत एका घरी आलीची मुळं कुटली जातात आणि शेजारी पुडीतला कृत्रिम रंग वापरला जातो. म्हणून गाव ठरल्यावर घर शोधा. स्थानिक विणकर सहकारी संस्था, वस्त्र संग्रहालय किंवा हस्तकलेचं काम करणारी सामाजिक संस्था यांना आधी कळवलं तर योग्य दार सापडतं.

३. वेळ जुळवा

माझी पहिली खेप अर्धवट गेली ती यामुळेही. न कळवता गेले आणि पाऊस लागला होता. ताणा म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे बाहेर पसरता येत नव्हते, धुतलेलं सूत वाळत नव्हतं, आणि माणसं माझ्याशी बोलायला बसली खरी, पण माग सोडला तर दाखवायला हाताशी काही नव्हतं.

रंगकामाला स्वतःचं पंचांग असतं. आंबवलेल्या निळीचं भांडं थंडीत मंदावतं, त्याला ऊब लागते. बऱ्याच बुडवण्या झाल्या की ते विश्रांतीला ठेवावं लागतं. तोकुशिमात निळीची वाळवलेली पानं ओली करून, वरचेवर खालीवर करत सुमारे १०० दिवस कुजवतात. हे काम शरद ऋतूत सुरू होतं. ते बघायचं असेल तर वसंतात जाऊन उपयोग नाही.

त्यामुळे कळवताना ‘कधी येऊ?’ एवढंच विचारू नका. ‘रंगवायचं काम कुठल्या दिवशी आहे?’ असं विचारा. सणवार, लग्नसराई, शेतीचे दिवस यांचीही चौकशी करा. दोन दिवस हाताशी ठेवा: एक रंगाचा, एक मागाचा. अर्ध्या तासात दोन्ही दाखवणारा माणूस तुम्हाला दुकानाकडे नेतो आहे असं समजा.

४. बरोबर काय घ्याल

- वही आणि पेन्सिल. ओल्या हातानं पेनाची शाई पसरते.
- लहान भिंग, शिवणाची मोजपट्टी.
- पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा, रंग सुटतो का ते बघायला.
- धाग्यांचे नमुने ठेवायला कागदी पाकिटं, प्रत्येकावर तारीख आणि रंगाचं नाव लिहायला जागा.
- डाग पडले तरी चालतील असे कपडे. निळीचा डाग निघत नाही.
- सुटे पैसे रोख.
- परदेशात जात असाल तर ओळखपत्राबरोबर तिथल्या आणि आपल्या सीमाशुल्काच्या नियमांची माहिती.

शेवटच्या मुद्द्याबद्दल सांगते. विणून, धुऊन तयार झालेलं कापड आणायला सहसा अडचण येत नाही. पण न धुतलेली लोकर, बिया, वाळलेली मुळं, कीटकांची पूड अशा गोष्टींवर अनेक देशांत निर्बंध असतात. रंगारी प्रेमानं मूठभर मुळं हातात ठेवतात आणि ती पुढे विमानतळावर टाकून द्यावी लागतात. आधी चौकशी करा.

हाताला मलम किंवा तेल लावून जाऊ नका. रंगवायच्या सुतावर तेलकट बोटं लागली की तिथे रंग नीट धरत नाही आणि पुढे विणल्यावर तो फिका ठिपका दिसतो.

५. पोचल्यावर

आधी बसा. कारागीर तुमच्यासाठी काम थांबवतोय, आणि त्याची कमाई कामावर आहे. किती वेळ बसू, असं पहिल्यांदाच विचारून घ्या. सबंध दिवस बसणार असाल तर त्या दिवसाचा मोबदला ठरवा आणि तो खरेदीपासून वेगळा ठेवा. हे मी सुरुवातीला करत नसे. एखादा रुमाल घेतला की झालं, असं वाटे. तो रुमालाचा दाम होता. त्यांच्या दिवसाचा नव्हता.

फोटो विचारल्याशिवाय नको. माणसांचा नकोच, पण मागावर चढलेल्या नव्या नक्षीचा तर मुळीच नको. एका फोटोवरून तीच नक्षी यंत्रमागावर निघते आणि मूळ कापड पुरं व्हायच्या आत बाजारात येते.

काही ठिकाणी रंगाच्या जागेला रीतिरिवाजांचं कुंपण असतं. इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर निळीचं काम बायकांचं असतं आणि परंपरेनं पुरुषांना तिथे मज्जाव आहे. अशा ठिकाणी वाद घालू नका, कारण विचारत बसू नका. जे दाखवतील ते बघा.

आणि ‘हे खरंच नैसर्गिक आहे ना?’ हा प्रश्न दारात विचारू नका. मी विचारला होता. समोरचे काका गप्प झाले आणि पुढचा तासभर फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलले. त्याऐवजी ‘हा रंग कशापासून करता?’ असं विचारा. खरा रंगारी या प्रश्नावर उठून डबे उघडून दाखवायला लागतो.

६. रंगाची जागा

इथे जमेल तेवढा वेळ घालवा.

सुती धागा आणि रंग यांचं सहजासहजी जमत नाही. कापसावर नैसर्गिक मेण असतं, ते आधी उकळून काढावं लागतं. मग बहुतेक ठिकाणी हिरड्यासारखं तुरट काहीतरी देतात, त्यावर तुरटी, आणि त्यानंतर रंगाचं पाणी. तुरटीतला धातू एका बाजूनं धाग्याला आणि दुसऱ्या बाजूनं रंगाला धरून ठेवतो. लोकर आणि रेशीम प्राण्यांकडून येतात, त्यांची जात वेगळी. ती तुरटी थेट घेतात. ओळीनं उभी असलेली भांडी बघताना कुठलं कशाचं आहे ते विचारून वहीत क्रमानं उतरवा. क्रम हीच या कामातली खरी विद्या आहे.

सुंबा बेटावर तुरटीच्या जागी लोबा नावाच्या झाडाची साल आणि पानं वापरतात, कारण ते झाड मातीतलं ॲल्युमिनियम अंगात साठवतं. आपल्याकडचा लोध्र त्याच कुळातला. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला: हजारो कोसांवरच्या रंगाऱ्यांनी एकाच कुळातल्या झाडांत तोच गुण हेरला होता.

मंजिष्ठेचं भांडं दिसलं तर बघा, ते खळखळ उकळत नसेल. जास्त आचेवर तिचा लाल तपकिरीकडे झुकतो, म्हणून रंगारी वाफ आणि पाण्याची हालचाल बघून आच कमी-जास्त करत असतात. त्याच भांड्यात तुरटीचं सूत घातलं तर लाल येतं, लोखंडाच्या पाण्यातून काढलेलं घातलं तर जांभळट तपकिरी. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळा. या काळ्याला मात्र एक दोष आहे: लोखंड वर्षानुवर्षांत धाग्याला खातं. जुन्या कापडांत लाल भाग शाबूत आणि काळ्या रेषा झिजलेल्या दिसतात त्या यामुळेच.

निळीची तऱ्हा सगळ्यांपेक्षा निराळी. ती पाण्यात विरघळत नाही. सोडा-चुन्यासारखा खार घातलेल्या पाण्यात आंबवून किंवा दुसऱ्या उपायानं भांड्यातला प्राणवायू संपवला की ती विरघळते आणि पिवळसर हिरवी होते. त्या रूपात ती धाग्यात शिरते. बाहेर हवा लागली की पुन्हा निळी होऊन आतच अडकते. तिला तुरटी लागत नाही. भांडं तयार आहे की नाही हे रंगारी वास, पृष्ठभागावरची तांब्यासारखी चमकणारी साय आणि मधोमध जमणारा निळा फेस यांवरून ओळखतात. गडद निळा एका बुडवणीत येत नाही. बुडवणं, हवेत धरणं, पुन्हा बुडवणं असं कितीतरी वेळा करावं लागतं. तुम्हाला बुडवायला दिलं तर लड हळूच आत सोडा, पाण्याखालीच हलवा आणि कडेनं बाहेर घ्या. थेंब वरून टपटपू दिलेत तर प्रत्येक थेंबाबरोबर भांड्यात हवा जाते आणि भांडं बसतं, म्हणजे रंगवेनासं होतं.

दोन प्रश्न इथे नम्रपणे पण जरूर विचारा. एक: रंग पक्का करायला काय घालता? तुरटी आणि लोखंड यांची फारशी चिंता नाही, पण मोरचूद किंवा क्रोमियमचे क्षार वापरत असतील तर रंग वनस्पतीचा असूनही ते पाणी विषारी असतं. दोन: वापरलेलं पाणी कुठे जातं? ‘नैसर्गिक’ म्हणजे आपोआप निरुपद्रवी असं नाही.

७. मागापाशी

इथे थोडक्यात सांगते, कारण माग स्वतःच सगळं दाखवतो. मागाआधीची कामं बघायला विसरू नका: कांड्या भरणं, ताणा मांडणं, पाजणी म्हणजे ताण्याला खळ देणं. ही कामं बहुधा घरातल्या बायका आणि म्हातारी माणसं करतात आणि त्यांची गणती कुठे होत नाही. ताण्याचे शेकडो धागे एकेक करून फणीतून, म्हणजे मागावरच्या कंगव्यासारख्या चौकटीतून, ओवताना बघितलेत की कापडाची किंमत सांगावी लागत नाही.

विणकर बसलेला असताना मागाच्या दोऱ्यांना हात लावू नका. ताणा तुटला तर जवळ जाऊन बघा. तुटलेलं टोक शोधायचं, त्याला नवा तुकडा जोडायचा, गाठ बोटानं चपटी करायची आणि तो धागा पुन्हा फणीतल्या आपल्या घरात बसवायचा. एवढं होईपर्यंत आपला श्वास रोखलेला असतो आणि विणकराचं लक्ष आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या पुढच्या फेकीकडे गेलेलं असतं.

८. पारख करताना फसगत कुठे होते

*जाळून बघणं.* सुटा धागा मागून घेऊन जाळता येतो. कापूस कागदासारखा जळतो, रेशीम आणि लोकर केसासारखा वास देतात, कृत्रिम धाग्याचा वितळून कडक मणी होतो. यातून तंतू कळतो. रंगाबद्दल काहीही कळत नाही. शिवाय लाकडाच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोस धागाही कापसासारखाच जळतो.

*घासून बघणं.* ओल्या पांढऱ्या कापडावर निळा रंग उतरला म्हणजे माल खोटा, असा समज आहे. खरी नीळसुद्धा सुरुवातीला थोडी उतरते.

*लिंबू पिळणं.* किरमिजी रंगावर लिंबू पिळून तो केशरी करून दाखवतात, खारानं जांभळा करतात. रसायनाच्या दृष्टीनं ते खरंच आहे. पण तळहातावर दाखवलेला रंग आणि भिंतीवर टांगलेल्या गालिच्यातला रंग एकच असल्याचा तो पुरावा नव्हे. मी एका दुकानात असं बघून गालिचा घेतला आणि पहिल्या धुण्यात गुलाबी पाणी वाहिलं.

*रसायनशाळेचा दाखला.* कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आहे आणि तिचा रेणू झाडाच्या निळीसारखाच आहे. घरगुती परीक्षेनं त्या दोघींत फरक करता येत नाही. म्हणूनच पुन्हा सांगते, भांडं बघा.

*‘पिढ्यान् पिढ्या’.* १८५६ साली पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं पहिला कृत्रिम जांभळा काढला, १८६८ साली मंजिष्ठेच्याच कुळातल्या युरोपीय मॅडरचा लाल प्रयोगशाळेत तयार झाला, आणि त्यानंतर जगभरचे रंगारी पुडीकडे वळले. आज नैसर्गिक रंग करणाऱ्यांपैकी अनेकांनी तो नव्यानं शिकून घेतला आहे. आजोबांनी सोडलेलं काम नातवानं पुन्हा हाती घेतलं असेल तर ते कमी खरं ठरत नाही. उलट चुका कुठे झाल्या, भांडी किती बिघडली हे तो मोकळेपणानं सांगतो. ते ऐकण्यासारखं असतं.

९. घ्यायचं असेल तर

घासाघीस करायची सवय असेल तर या दारात ती सोडा. किंमत जास्त वाटली तर लहान वस्तू घ्या, किंवा काहीच घेऊ नका. बघण्याचा मोबदला दिला असेल तर तेही चालतं.

सांगून विणून घ्यायचं असेल तर कागदावर लिहा: लांबी, रुंदी, तंतू, रंगाची वनस्पती, आगाऊ रक्कम, साधारण तारीख, आणि छटेत किती फरक चालेल. हा शेवटचा मुद्दा मी एकदा लिहिला नाही. मोबाइलवरचा फोटो पाठवून ‘असाच हिरवा’ म्हणाले. माझ्या पडद्यावरचा हिरवा त्यांच्या पडद्यावर वेगळाच दिसत होता, आणि शिवाय नैसर्गिक हिरवा बहुतेकदा पिवळ्यावर नीळ चढवून करावा लागतो, म्हणजे दोनदा बदलण्याची शक्यता. फोटोऐवजी धाग्याचा तुकडा पाठवा. आणि जोडीची दोन कापडं हवी असतील तर एकाच वेळी सांगा, म्हणजे सूत एकाच भांड्यातून निघेल. पुढच्या वर्षी तोच रंग मागितलात तर तो जवळचा येईल, तंतोतंत येणार नाही. पाऊस, माती, मुळांचं वय, पाणी, सगळं बदललेलं असतं.

पावतीवर तंतू, रंग आणि हातमाग हे तिन्ही लिहून घ्या. कुणाला भेट दिलीत तर ती पावतीही बरोबर द्या.

१०. घरी आणल्यावर

पहिली धुलाई एकट्या कापडाची, थंड पाण्यात, सौम्य साबणानं. धुण्याचा सोडा आणि लिंबू दोन्ही लांब ठेवा. हळदीचा पिवळा साबणानं लालसर होतो तसेच इतर रंगही खार-आंबटाला बदलतात. सावलीत वाळवा. हळदीचा रंग उन्हात फार लवकर उडतो, तसं कापड खिडकीपाशी टांगू नका. अत्तर थेट कापडावर मारू नका.

रेशीम किंवा लोकर असेल तर सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. दर काही महिन्यांनी घडी उलगडा आणि वेगळ्या जागी मोडून पुन्हा घाला. लोखंडाच्या काळ्या पट्ट्या असतील तर घडी त्या पट्ट्यांवर येऊ देऊ नका.